केबी ७२६ : कांब्रेच्या वाटेवर पडलेलं लँकेस्टर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागात राहायला आल्यापासून उन्हाळ्यात एखाद-दोनदा घरावरून एक जुनं चार इंजिनांचं विमान जातं. त्याचा आवाज जेटसारखा चिरका नसतो, खोल घुमणारा असतो, खिडकीची काच हलते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातलं काम टाकून बाहेर पळालो होतो. ते विमान म्हणजे जवळच्या हॅमिल्टन शहरातल्या म्युझियमचं लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बनावटीचं बॉम्बर, आणि त्याच्यावर जे नंबर रंगवलेत ते त्याचे स्वतःचे नाहीतच, १९४४ साली फ्रान्समध्ये पडलेल्या दुसऱ्या एका विमानाचे आहेत. हे कळल्यापासून मी त्या दुसऱ्या विमानाच्या मागे लागलोय. मंडळातले मित्र, पुण्याहून येणारे पाहुणे, भाचेमंडळी सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

हे विमान नेमकं कुठलं?

एव्ह्रो लँकेस्टर मार्क टेन, सिरीयल नंबर केबी ७२६, अंगावरची अक्षरं व्हीआर-ए. कॅनडाच्या हवाई दलाची ४१९ नंबरची 'मूस' स्क्वॉड्रन, तळ इंग्लंडच्या ईशान्येला मिडलटन सेंट जॉर्ज. डिझाइन इंग्लंडचं पण विमान बनलं कॅनडात, मॉल्टन इथल्या व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात. मॉल्टन म्हणजे तेच हो, टोरांटोला येताना तुम्ही जिथे उतरता ते पिअरसन एअरपोर्ट तिथलंच, आणि आज आजूबाजूला निम्मी दुकानं आपल्या देशी लोकांची आहेत. युद्धात त्या कारखान्याने ४३० लँकेस्टर बनवली. एकूण लँकेस्टर बनली ७३७७, त्यातली ही ४३०.

त्या रात्री जायचं कुठे होतं?

१२ जूनची रात्र, १९४४, म्हणजे तारीख उलटून १३ जून झाली होती. टार्गेट होतं उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेचं रेल्वे यार्ड. आठवडाभर आधी, ६ जूनला, दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेलं, आणि जर्मनांनी रेल्वेने रणगाडे आणि माणसं तिकडे आणली असती तर त्या सैन्याला परत समुद्रात ढकललं असतं, त्यामुळे रूळ, यार्डं, जंक्शनं फोडत राहायचं असं चाललं होतं. त्या रात्री बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बहल्ले करणाऱ्या विभागाची, ६७१ विमानं आमियाँ, आरास, कॉ, कांब्रे, प्वातिए अशा ठिकाणी गेली आणि त्यातली २३ परत आली नाहीत, १७ हॅलिफॅक्स (हेही चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर) आणि ६ लँकेस्टर. त्या सहातलं एक आपलं.

त्याच पहाटे जर्मनांचे पहिले व्ही-वन उडते बॉम्ब लंडनवर पडले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तेच असणार, २३ विमानांची बातमी त्याखाली गेली असणार असं मला आपलं वाटतं.

विमानात कोण कोण होतं?

सात जण. पायलट आर्ट डी ब्रेन, फ्लाइट इंजिनिअर रॉय व्हिगार्स (हा एकटा ब्रिटिश, बाकीचे कॅनेडियन हवाई दलाचे), नॅव्हिगेटर रॉबर्ट बोडी, बॉम्ब टाकणारा जॅक फ्रायडे, वायरलेस ऑपरेटर जिम केली, पाठीवरच्या घुमटात बसणारा मिड-अपर गनर अँड्र्यू मिनार्स्की, आणि शेपटीच्या टोकाला रिअर गनर पॅट ब्रॉफी.

मिनार्स्की आणि ब्रॉफी एकमेकांचे जिवलग. ब्रॉफी रँकने वरचा, त्यामुळे रात्री बरॅकवर जाताना मिनार्स्की उगाच ताठ उभा राहून कडक सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "गुड नाइट, सर." रोजची चेष्टा. पुढे हे लागणार आहे, लक्षात ठेवा.

तेरा आकड्याची गोष्ट खरी का?

हो, त्या क्रूची ती तेरावी मोहीम आणि तारीख तेरा जून. निघायच्या आधी गवतात मिनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं, तिकडे ते शुभ मानतात, ते त्याने ब्रॉफीला देऊन टाकलं. स्वतःकडे ठेवलं नाही. शकुनावर माझा विश्वास नाही, पण हे वाचून दरवेळी घशात काहीतरी अडकतं.

विमान पडलं कसं?

फ्रान्सचा किनारा ओलांडल्यावर एकदा सर्चलाइटच्या झोतात सापडले होते, तिथून पायलटने गिरक्या घेत सोडवलं. मग बॉम्ब टाकायच्या उंचीसाठी खाली यायला लागले, कारण रेल्वे यार्डं फार उंचावरून नीट लागत नाहीत आणि आजूबाजूला फ्रेंच वस्ती असते. मागून आणि खालून एक जर्मन युंकर्स ८८ आलं, रात्री शिकार करणारं नाइट फायटर, आणि त्याच्या तोफांनी डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं बंद पाडली. डाव्या पंखाला आग, आणि दुसरी आग विमानाच्या पोटात, मिड-अपर आणि रिअर गनर यांच्या मधोमध, हायड्रॉलिकच्या, म्हणजे दाबाने यंत्रं चालवणाऱ्या, तेलावर भडकलेली.

इंटरकॉम मेला होता. मग पायलटने सिग्नलचा लाल दिवा वापरला, मोर्समधलं 'पी' अक्षर, पी म्हणजे पॅराशूट, उड्या मारा. उंची मुळात कमी आणि विमान पडत चाललेलं, त्यामुळे सगळ्यांच्या हातात मोजकेच सेकंद.

खालून येणारं विमान कुणालाच कसं दिसलं नाही?

हा प्रश्न फार जण विचारतात आणि योग्यच विचारतात. लँकेस्टरला पुढे, पाठीवर आणि शेपटीत मशीनगन होत्या, पण पोटाखाली बहुतेक विमानांत काहीच नव्हतं, बघायला साधी खिडकीसुद्धा धड नाही. जर्मनांना हे पक्कं माहीत होतं. जमिनीवरचं रडार त्यांना बॉम्बरच्या आसपास आणून सोडायचं, पुढे फायटरचं स्वतःचं रडार, आणि मग खालच्या अंधारातून वर बघायचं, आकाशाच्या उजेडात बॉम्बरची काळी आकृती दिसते, बॉम्बरवाल्यांना मात्र खाली नुसता काळोख. काही जर्मन विमानांत तर तिरकं वरच्या दिशेने मारणाऱ्या तोफा बसवलेल्या होत्या.

आणखी वाईट म्हणजे मागून येणाऱ्या फायटरची सूचना द्यायला काही ब्रिटिश बॉम्बरांच्या शेपटीत 'मोनिका' नावाचं छोटं रडार बसवलेलं होतं, आणि जर्मनांनी त्याच्याच लहरी पकडून माग काढायचं यंत्र बनवलं होतं. म्हणजे जे वाचवायला बसवलं तेच पत्ता सांगत होतं. हे इंग्रजांना कळलं कधी, तर १३ जुलै १९४४ला, म्हणजे केबी ७२६ पडल्यावर बरोबर एका महिन्याने, एक युंकर्स ८८ वाट चुकून इंग्लंडमधल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर येऊन उतरलं तेव्हा! ते उघडून बघितलं आणि मोनिका काढून टाकलं. (केबी ७२६ला त्यामुळेच गाठलं असं मी म्हणत नाहीये, तेव्हा रात्रीचं आकाश कसं होतं ते कळावं म्हणून सांगितलं.)

ब्रॉफी अडकला म्हणजे नेमकं काय झालं?

हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिअर गनर बसतो तो काच आणि धातूचा एक छोटा पिंजरा, त्याला टरेट म्हणायचं. त्यात चार मशीनगन आणि एक माणूस, बस. पाय पसरायला जागा नाही, थंडी इतकी की विजेवर गरम होणारा सूट घालायला लागायचा. पॅराशूट आत मावत नाही, ते मागच्या बाजूला विमानात अडकवलेलं असतं. तर सुटायचं असेल तेव्हा टरेट सरळ मागे करायचा, पाठीमागची दारं उघडायची, हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीला अडकवायचं आणि मग एकतर विमानात शिरून मुख्य दारातून उडी मारायची, नाहीतर टरेट पूर्ण आडवा फिरवून पाठीवर बाहेर पडायचं.

आता विमानात शिरायचं तर तिथे आग. म्हणून ब्रॉफीने पॅराशूट घेतलं आणि टरेट फिरवायला गेला, पण हा टरेट फिरतो हायड्रॉलिकवर आणि ते हायड्रॉलिक चालतं डावीकडच्या बाहेरच्या इंजिनावर. ते इंजिन तर आधीच गेलेलं. टरेट थोडासा वळला आणि अडकला, इतपत की आता मागची दारंही विमानाच्या आतल्या बाजूला नीट येईनात आणि बाहेरही पडता येईना. अशा वेळेसाठी हाताने फिरवायचा दांडा दिलेला असतो, ब्रॉफीने तो जीव खाऊन फिरवला आणि दांडाच तुटून हातात आला.

मग मिनार्स्कीने काय केलं?

तो आपल्या घुमटातून उतरून मागच्या दारापाशी पोचला होता. ते दार दोन्ही गनरच्या मध्ये, उजव्या अंगाला. दार उघडं, पॅराशूट अंगावर, पुढचं पाऊल बाहेर टाकायचं एवढंच बाकी. तेवढ्यात त्याने मागे वळून बघितलं आणि काचेतून त्याला ब्रॉफीचा चेहरा दिसला.

तो दारातून मागे फिरला. शेपटीकडे जाताना लँकेस्टरचं अंग निमुळतं होत जातं, मध्ये आडवी तुळई येते, धड उभंही राहता येत नाही, तर तो हातापायांवर रांगत त्या आगीतून गेला. तेलाचे शिंतोडे अंगावर, कपडे पेटलेले. त्याने भिंतीवरची कुऱ्हाड काढली आणि टरेटवर घाव घालायला लागला, टरेट हलेना, मग कुऱ्हाड टाकून नुसत्या हातांनी ओढायला लागला. ब्रॉफी आतून ओरडत होता, हातवारे करत होता, जा, परत जा, आता काही होणार नाही.

शेवटी मिनार्स्की मागे सरकला. पाठ वळवली नाही, ब्रॉफीकडे तोंड करूनच त्या आगीतून रांगत मागे मागे गेला, कमरेपासून खालचे कपडे पेटलेले, दारात पोचल्यावर उभा राहिला, ताठ झाला, सॅल्यूट केला आणि ओठ हलले. इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ब्रॉफीला काही ऐकू आलं नाही पण काय म्हणाला ते त्याला ठाऊक होतं. रोज रात्री म्हणायचा तेच.

मग त्याने उडी मारली. पॅराशूटनेही पेट घेतला होता. खाली फ्रेंच लोकांनी त्याला जळताना येताना पाहिलं, तो जिवंत जमिनीवर पोचला, पण भाजला इतका होता की वाचला नाही. वय २७.

आणि ब्रॉफी?

ब्रॉफी टरेटमध्येच विमानाबरोबर खाली गेला. गोदियांप्रे गावाजवळ विमान तिरकं जमिनीवर आदळलं, पंख एका झाडाला धडकला, विमान गरकन फिरलं, आणि त्या झटक्याने जो टरेट कुऱ्हाडीने हलला नव्हता तो सुटला आणि ब्रॉफी बाहेर भिरकावला गेला. पोटातल्या बॉम्बपैकी काही फुटले. शुद्धीवर आला तेव्हा तो एका झाडाला टेकून पडलेला होता, हातापायाला मोठी जखम नाही. घड्याळ २ वाजून १३ मिनिटांवर बंद पडलेलं.

हे वाचून लोक म्हणतात, म्हणजे मिनार्स्की गेला तो फुकटच, त्याने काही केलं नसतं तरी ब्रॉफी वाचलाच असता. मला हे अजिबात पटत नाही. दारात उभ्या माणसाला झाड कुठे आहे आणि पंख कुठे धडकणार हे माहीत नसतं, त्याला समोर मित्र अडकलेला दिसत असतो. त्या क्षणी जे दिसत होतं त्यावरूनच त्याच्या निर्णयाचं मोल करायला हवं.

बाकी पाच जणांचं काय झालं?

पाचही पुढच्या बाजूने उड्या मारून वाचले. सुटकेचं दार उघडताना जॅक फ्रायडेच्या डोक्याला मार लागला, तो चार दिवस बेशुद्ध होता, तो आणि व्हिगार्स जर्मनांच्या हाती लागले. डी ब्रेन, बोडी, केली आणि ब्रॉफी हे चौघे फ्रेंच लोकांनी लपवले म्हणून पकडले गेले नाहीत, आणि हे लपवणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती, सापडलं तर घरादाराला गोळ्या. ब्रॉफी सप्टेंबर १९४४मध्ये इंग्लंडला परतला.

सातातले सहा वाचणं ही लँकेस्टरच्या हिशोबाने फार मोठी गोष्ट आहे. नाकाजवळचं सुटकेचं दार फार अरुंद, पॅराशूट बांधलेला माणूस त्यात अडकायचा. बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी नंतर लिहिलंय की हॅलिफॅक्स पडलं तर जेवढे लोक वाचायचे त्याच्या मानाने लँकेस्टरमधून कितीतरी कमी वाचायचे, आणि ते दार मोठं करून घ्यायला त्यांच्या सहकाऱ्याला प्रचंड झगडावं लागलं. दोन-तीन इंच जास्त ठेवले असते तर किती घरांत पोरं परत आली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मिनार्स्की होता कोण?

विनिपेगचा पोरगा, जन्म १४ ऑक्टोबर १९१६, आईबाप पोलंडहून आलेले. सोळाव्या वर्षी वडील गेले आणि घरासाठी तो चामडं कापायच्या कामाला लागला. १९४१ला हवाई दलात भरती. वर्णनं वाचली तर शांत, हसरा, हाताने वस्तू बनवण्यात रमणारा. आपल्याकडच्या कुठल्याही घरातला थोरला मुलगा डोळ्यांसमोर आणा, तसाच.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळायला दोन वर्षं का लागली?

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटनचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक. वेळ लागला कारण जे घडलं ते बघणारा माणूस जगात एकच होता. बाकीचे सगळे पुढच्या बाजूला, त्यांना शेपटीत काय चाललंय याचा पत्ताच नाही. १९४५मध्ये ब्रॉफीने पायलट डी ब्रेनला सगळं सांगितलं, डी ब्रेनने वरती कळवलं, पाठपुरावा केला, आणि ११ ऑक्टोबर १९४६ला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

हेच पदक आपल्या माणसांनाही मिळालंय हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिनार्स्की गेल्यावर महिनाही झाला नव्हता, १० जुलै १९४४ला इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, आपल्या रायगड जिल्ह्यातले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचा सगळा सेक्शन पडला, ते एकटे उरले, एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले, गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीची नळी धरून दस्त्याने लढले, मोर्चा घेतला आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. कॅनडात मिनार्स्कीच्या नावाची शाळा आहे, पोरांना त्याची गोष्ट माहीत असते. घाडग्यांची गोष्ट आपल्या किती पोरांना माहीत आहे ते मी मंडळात विचारून बघितलं, एकही हात वर आला नाही.

एकाच माणसाच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा?

ठेवावा असं मला वाटतं. ब्रॉफीला ही गोष्ट रचून काही मिळणार नव्हतं, आणि फ्रेंच लोकांनी पेटलेला माणूस खाली येताना पाहिला होता, हे त्याच्या सांगण्याशी जुळतं.

पण या प्रश्नाने मी वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचलो. बॉम्बर कमांडचे साधारण १,२५,००० लोक उडाले, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. एका टूरच्या तीस मोहिमा पुऱ्या करणं नशिबाचं काम. त्यातली कितीतरी विमानं अशी की सातातला एकही परत आला नाही, किंवा समुद्रात गेली आणि तुकडाही मिळाला नाही. त्या विमानांच्या पोटात शेवटच्या मिनिटाला कोण कुणासाठी मागे फिरलं, कुणी कुणाला स्वतःचं पॅराशूट दिलं, ते सांगायला कोणी उरलंच नाही. मिनार्स्कीची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती एका झाडामुळे, पंख त्याला धडकला म्हणून. केबी ७२६ दहा फूट इकडे पडलं असतं तर रेकॉर्डमध्ये फक्त एवढंच राहिलं असतं : गनर, दोन, मृत.

पण याच बॉम्बर कमांडने शहरं जाळली ना?

हो, जाळली. हॅम्बर्ग, ड्रेस्डेन, हजारो बायकापोरं, आणि फ्रान्समधल्या या रेल्वेच्या हल्ल्यांतसुद्धा हजारो फ्रेंच नागरिक मेले, ज्यांना सोडवायला म्हणून हे चाललं होतं तेच. हे मी झाकणार नाही आणि कोणी झाकू नये. म्हणूनच या लोकांचं मोठं स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये व्हायला २०१२ उजाडलं. मी मिनार्स्कीबद्दल लिहितो ते त्या धोरणाची वकिली म्हणून नाही. धोरण ठरवणारे वेगळे होते, शेपटीत रांगत गेलेला पोरगा वेगळा होता, आणि त्याच फ्रेंच गावकऱ्यांनी, ज्यांच्या डोक्यावर हे बॉम्ब पडत होते, या पोरांना घरात लपवलं, ते मला या सगळ्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

आज काय बघता येतं?

मिनार्स्कीची कबर आमियाँजवळ मेहारिकूर गावच्या दफनभूमीत आहे. मिडलटन सेंट जॉर्जला, म्हणजे आताच्या टीसाइड एअरपोर्टच्या परिसरात, त्याचा पुतळा २००५मध्ये बसवला, सॅल्यूट करतानाचा.

आणि हॅमिल्टनला कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये ते विमान, ज्याच्यापासून मी सुरुवात केली. मूळ नंबर एफएम २१३, तेही मॉल्टनचंच. १९७७ला म्युझियमने घेतलं, अकरा वर्षं खपून दुरुस्त केलं, २४ सप्टेंबर १९८८ला परत उडालं, आणि मिनार्स्कीच्या नावाने त्याला केबी ७२६चा, व्हीआर-एचा वेश दिला. जगात उडणारी लँकेस्टर दोनच, दुसरं इंग्लंडमध्ये, २०१४ला हे अटलांटिक पार करून तिकडे गेलं आणि दोन्ही शेजारी-शेजारी उडाली.

टोरांटोला कोणाकडे आलात तर नायगारा बघून येताना वाट वाकडी करा, फार लांब नाही. सगळे पुढे जाऊन इंजिनं आणि बॉम्ब ठेवायची जागा बघतात. तुम्ही मागच्या दारापाशी जा. दारातून शेपटीचा टरेट किती जवळ आहे ते बघा. मी पावलांनी मोजायला गेलो होतो, चार-पाच पावलांतच भागतं.